मीटिंगला गेलात, पण बोललात का?

एकच यंत्र किंवा एकच संगणक-प्रणाली वापरणारी माणसं महिन्यातून एकदा एकत्र जमतात. काही जण चहा-बिस्किटं घेऊन घरी परततात. काहींच्या मात्र नोकरीची, धंद्याची दिशाच तिथे बदलते. हा फरक कशामुळे पडतो?

पुणे असो, बंगळूर असो की इंदूर. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी कॉलेजच्या एखाद्या रिकाम्या वर्गात किंवा कंपनीच्या कॅन्टीनशेजारच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं जमलेली दिसतात. यात नोकरीला नुकतेच लागलेले असतात आणि केस पिकलेलेही. पुढे कोणीतरी पडद्यावर काही दाखवत असतं. मागच्या दोन रांगा भरलेल्या, पुढच्या दोन मोकळ्या. तासाभरानं वक्ता विचारतो, "काही प्रश्न?" सगळे एकमेकांकडे पाहतात. कोणीच बोलत नाही. मग टाळ्या, चहा, आणि ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या रस्त्याला.

घरी प्रश्न ठरलेलाच असतो. "सुट्टीच्या दिवशी तीन तास घालवलेत, मिळालं काय?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नसतं, तो पुढच्या महिन्यात जात नाही. त्याहून पुढच्या महिन्यात त्याला त्या मीटिंगची आठवणही राहत नाही.

अशा मेळाव्यांना 'युजर ग्रुप' म्हणतात. मराठीत फार तर 'वापरकर्त्यांचं मंडळ' म्हणता येईल. लिनक्स वापरणारे, पायथॉन या संगणकीय भाषेत काम करणारे, हिशोबाचं एखादं सॉफ्टवेअर चालवणारे, कारखान्यात यंत्रांचे आराखडे संगणकावर काढणारे अशा अनेकांची मंडळं असतात. सनदी लेखापालांची अभ्यास मंडळं किंवा डॉक्टरांच्या मासिक सभा याच जातीच्या. तिथे हजेरीबद्दल ठरावीक तासांची नोंद मिळते, त्यामुळे वहीत सही करून मागच्या दारानं निसटणारेही असतात. ते सोडा. ज्यांना खरोखर काही हवं आहे, त्यांनी काय करावं, हा मुद्दा आहे.

या प्रकाराचा इतिहास मोठा मजेशीर आहे, आणि उत्तर बरंचसं त्या इतिहासातच आहे.

शत्रूपक्षाचे लोक एका टेबलाशी

१९५५ सालची गोष्ट. अमेरिकेत आयबीएम कंपनीचा ७०४ नावाचा नवा संगणक यायचा होता. तो विकत घेणं तर दूरच, त्याचं महिन्याचं भाडंही हजारो डॉलरांत. ही चैन परवडणारे ग्राहक म्हणजे प्रामुख्यानं विमानं बांधणाऱ्या कंपन्या आणि सरकारी प्रयोगशाळा. बाजारात या विमान कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. पण संगणकाच्या बाबतीत सगळ्यांचं दुखणं एकच होतं. यंत्र यायचं ते जवळजवळ कोरं. ते चालवण्यासाठी लागणारे मूलभूत प्रोग्रॅम ज्यानं त्यानं आपले आपण लिहायचे. आधीच्या ७०१ या संगणकाच्या वेळी प्रत्येक कंपनीनं तेच काम वेगवेगळं केलं होतं. एकाच गल्लीतल्या दहा घरांनी दहा विहिरी खणाव्यात, तशातला प्रकार.

नवा संगणक आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होणार, हे दिसत होतं. तेव्हा ऑगस्ट १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे, रँड कॉर्पोरेशनच्या कार्यालयात ही मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी 'शेअर' नावाचा गट स्थापन केला. वाटून घेणं हाच शब्द त्यांनी नावासाठी निवडला. ही संस्था आजही आपली अधिवेशनं भरवते.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नुसतं बसून ऐकण्यानं यातलं काहीही झालं नसतं. खुणा आणि संज्ञा सगळ्यांनी एकसारख्या वापरायच्या, हे ठरवावं लागलं. प्रत्येक ठिकाणच्या हुशार प्रोग्रॅमरला आपलाच प्रोग्रॅम सर्वांत चांगला वाटत होता, आणि तो बाजूला ठेवण्याची तयारी दाखवावी लागली. शेवटी कनेक्टिकट राज्यातल्या युनायटेड एअरक्राफ्ट या कंपनीत लिहिलेला असेंब्लर, म्हणजे माणसाला कळणाऱ्या खुणांचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, सर्वांनी स्वीकारला. ज्यांचा प्रोग्रॅम मागे पडला, त्यांचा अभिमान दुखावला असेल. पण त्यांचे कित्येक महिन्यांचे कष्ट वाचले.

पुढे या गटाचं वजन इतकं वाढलं की १९६३ मध्ये नवी संगणकीय भाषा कशी असावी हे ठरवायला आयबीएमनं 'शेअर'च्या सभासदांना बरोबर घेऊन समिती नेमली. पीएल-वन ही भाषा त्यातून जन्मली. गिऱ्हाइकानं दुकानदाराला माल कसा हवा हे सांगावं आणि दुकानदारानं ते ऐकावं, असा हा प्रकार. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाचं कोण ऐकतो?

आपल्याकडेही हे नवं नाही. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळचा बलाढ्य संगणक आला. संगणक वापरणारे एकत्र येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. आणि संगणकाचं कशाला, नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार चर्चासत्रं भरवतात, एकमेकांच्या बागा पाहायला जातात, छाटणी कधी केली नि औषध कोणतं मारलं हे बांधावर उभं राहून विचारतात, तेही दुसरं काय आहे? तिथे मात्र कोणी प्रश्न विचारायला लाजत नाही. बाग स्वतःची असते आणि कर्जही स्वतःचंच असतं!

गॅरेजमधली ती रात्र

युजर ग्रुपची सर्वांत गाजलेली कथा मात्र आहे १९७५ सालची.

त्या वर्षीच्या जानेवारीत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा एक संगणक झळकला. चारशे डॉलरच्या आसपास किमतीत सुटे भाग घरी येणार, ते आपणच जोडायचे. त्याला ना की-बोर्ड, ना पडदा. समोर बटणांची रांग आणि काही लुकलुकणारे दिवे. हौशी लोकांची त्यावर झुंबड उडाली खरी, पण या यंत्राचं करायचं काय, ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच या इंजिनियरच्या घराच्या गॅरेजमध्ये ५ मार्च १९७५ च्या पावसाळी रात्री बत्तीस जण जमले. फ्रेड मूर हा त्याचा साथीदार. घरच्या घरी संगणक बांधता का, तशी हौस असलेल्या इतरांना भेटायला आवडेल का, अशा अर्थाची पत्रकं आधी वाटली गेली होती. हाच पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून प्रसिद्ध झाला.

त्या बत्तीस जणांत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटरवर काम करणारा चोवीस वर्षांचा एक तरुण होता, स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक. मित्राच्या सांगण्यावरून तो आला होता, तोही काहीशा गैरसमजातून. चर्चा टीव्हीला जोडण्याच्या उपकरणांची असेल, असं त्याला वाटत होतं. इथे तर सगळे अल्टेअरविषयी बोलत होते आणि त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की तो अतिशय बुजरा होता, सभेत हात वर करून बोलणं त्याला जमत नसे. त्या रात्री निघताना त्याच्या हाती एका मायक्रोप्रोसेसरच्या माहितीचा कागद पडला. घरी जाऊन त्यानं तो वाचला, आणि त्याच्या ध्यानात आलं की असलं यंत्र आपणही बांधू शकू.

इथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. पुढची अधिक महत्त्वाची आहे, कारण वॉझ्निअ‍ॅक दर पंधरवड्याला त्या क्लबात जात राहिला आणि रिकाम्या हातानं गेला नाही. बांधत असलेला संगणक तो बरोबर नेई. टीव्ही उचलून सभागृहात न्यायला मदतीला असे त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्ज. वॉझ्निअ‍ॅकला भाषण करता येत नव्हतं, पण यंत्र टेबलावर मांडून बसता येत होतं. लोक भोवती गोळा होत, विचारत, आणि समोर एकच माणूस असला की त्याची भीड चेपे. आपल्या आराखड्याच्या प्रती तो फुकट वाटत असे. कोणाला जोडायला अडचण आली, तर त्याच्या घरी जाऊनही मदत करी.

मात्र लोक आराखडा घेत, पण बांधायला त्यांना वेळ किंवा कौशल्य नसे. हे जॉब्जच्या नजरेतून सुटलं नाही. तयार सर्किट बोर्ड विकले तर लोक घेतील, असं त्यानं सुचवलं. १ एप्रिल १९७६ रोजी अ‍ॅपल कंपनी स्थापन झाली. त्यांना पहिली मोठी ऑर्डर दिली पॉल टेरेल या दुकानदारानं. पन्नास संगणक, प्रत्येकी पाचशे डॉलर. टेरेलही त्याच क्लबाच्या सभांना येणारा.

आता एक कल्पना करून पाहा. तो बुजरा तरुण दर पंधरा दिवसांनी मागच्या रांगेत बसून ऐकून घरी गेला असता, तर? ज्ञान त्याला तेवढंच मिळालं असतं. पण त्यानं केलेलं काम कोणाच्या दृष्टीस पडलं नसतं, आणि ते विकत घेणाराही भेटला नसता.

चहाच्या सुट्टीला नाव देणारा सूत्रधार

होमब्रूच्या यशात आणखी एका माणसाचा वाटा आहे. बर्कलीचा इंजिनियर ली फेल्सेन्स्टाइन. क्लब वाढल्यावर सभा स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्राच्या सभागृहात होऊ लागल्या, आणि हातात लांब काठी घेऊन सूत्रसंचालन करायचा तो हा.

त्यानं सभेचे ठळक भाग पाडले. एका भागाचं नाव 'मॅपिंग', म्हणजे नकाशा काढणं. यात कोणीही उठून थोडक्यात सांगायचं की मी काय करतोय, माझ्याजवळ काय आहे आणि मला काय हवं आहे. कोणाजवळ जुना टेलिप्रिंटर, कोणाला विशिष्ट चिप हवी, कोणी नवी बातमी आणलेली. फेल्सेन्स्टाइन काठीनं एकेकाकडे बोट दाखवी, कोणी लांबण लावलं तर पुढे सरके. यात चर्चा करायची नाही. कोण कुठे बसलंय आणि कोणाकडे काय आहे, एवढाच नकाशा प्रत्येकानं डोक्यात काढायचा.

दुसरा भाग 'रँडम अ‍ॅक्सेस'. संगणकाच्या स्मृतीतून हवी ती गोष्ट हव्या त्या क्रमानं काढण्याला हा शब्द आहे. इथे त्याचा अर्थ एवढाच की सगळ्यांनी उठायचं आणि मघाशी हेरून ठेवलेल्या माणसाला गाठायचं. वस्तूंची, कागदांची, माहितीची देवघेव सुरू. क्लबातली खरी उलाढाल या वेळात होत असे.

आपल्याकडच्या सभांत हा दुसरा भाग असतोच, फक्त आपण त्याला चहा म्हणतो. पहिला भाग मात्र नसतो. मग होतं काय, चहाच्या वेळी जो तो आपल्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाशेजारी उभा राहून ऑफिसमधल्याच गप्पा मारतो. आपल्याला अडलेल्या गोष्टीचं उत्तर तीन फुटांवर हातात कप घेऊन उभं आहे, याचा पत्ताच नसतो. ज्या मंडळांत भाषणाआधी दहा मिनिटं काढून प्रत्येकाला दोन वाक्यं बोलायला लावतात, तिथली चहाची वेळ पाहावी. लोक घड्याळ विसरतात.

आपल्या मंडळात ही पद्धत नसेल तर संयोजकांना सुचवता येते. तेही जमत नसेल, तर वीस मिनिटं आधी पोहोचावं. सभा सुरू होण्यापूर्वी आलेली चार-पाच माणसं हमखास गप्पांच्या मनःस्थितीत असतात. प्रोजेक्टर चालत नसतो, वायर सापडत नसते, खुर्च्या हलवायच्या असतात. खुर्ची हलवताना झालेली ओळख व्हिजिटिंग कार्डाच्या ओळखीपेक्षा जास्त टिकते, असा अनेक जुन्या सभासदांचा अनुभव आहे.

हात दाखवून अवलक्षण?

बोलण्याची खरी भीती असते ती आपलं अज्ञान उघडं पडण्याची. इतके जाणकार बसलेत, त्यांच्यात आपण हात वर करायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यात ऑफिसमधले वरिष्ठ शेजारी बसलेले असले तर विचारायलाच नको. 'साहेबांना वाटेल, याला एवढंही येत नाही?' आपल्या शाळांनी ही सवय चांगली मुरवली आहे. उत्तर येणाऱ्यानंच हात वर करायचा, हा तिथला नियम.

इंग्रजीची धास्ती हे आणखी एक कारण. वक्ता इंग्रजीत बोलतो म्हणून प्रश्नही इंग्रजीतच विचारला पाहिजे, असं वाटतं आणि वाक्य मनात जुळवेपर्यंत वेळ संपते. वास्तविक मुंबई-पुण्यातल्या कित्येक सभांत हिंदी-मराठी-इंग्रजीची खिचडी बिनदिक्कत चालते. "सर, मराठीत विचारलं तर चालेल का?" असं एकानं म्हटलं की मागून आणखी दोन हात वर येतात.

पण प्रश्न विचारणं हीसुद्धा कला आहे, आणि ती घरूनच तयार करून न्यावी लागते. समजा, एखाद्या वितरकाच्या पेढीत हिशोब लिहिणारी व्यक्ती उठून म्हणाली, "आमचं सॉफ्टवेअर नीट चालत नाही, काय करावं?" याला कोणी काय उत्तर देणार? लोक सहानुभूतीनं मान हलवतील. तीच व्यक्ती असं म्हणाली तर? "आम्ही रोज संध्याकाळी बॅकअप घेतो. मार्चअखेर यंत्र बिघडलं म्हणून तो दुसऱ्या संगणकावर उतरवला, तर फेब्रुवारीनंतरच्या नोंदी दिसत नाहीत. जुन्या यंत्रावर आधीची आवृत्ती होती, नव्यावर पुढची आहे. फोल्डर बदलून पाहिलं, उपयोग झाला नाही." आता खोलीत कोणीतरी ताठ बसेल, कारण हे त्याच्यावरही गुदरलेलं असेल. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि आतापर्यंत काय करून पाहिलं, एवढं सांगितलं की प्रश्न निम्मा सुटतो. कधीकधी हे कागदावर उतरवतानाच उत्तर सापडतं आणि मग सभेत सांगायला एक चांगला किस्सा मिळतो.

सगळ्यांसमोर विचारणं झेपतच नसेल तर वॉझ्निअ‍ॅकचा मार्ग आहेच. वक्त्याला नंतर एकट्याला गाठा. मात्र त्याला दारात अडवून पाऊण तास फुकट सल्ला उकळू नये. लग्नात भेटलेल्या डॉक्टरला जीभ काढून दाखवण्यासारखंच ते.

पाच मिनिटांचं धाडस

ऐकणारा आणि विचारणारा यांच्या पुढची पायरी सांगणाऱ्याची. इथे बहुतेकांची समजूत अशी की भाषण द्यायला आपण त्या विषयातले पंडित असायला हवं. पंडितांची भाषणं नवशिक्यांच्या डोक्यावरून जातात, हा अनुभव असूनही ही समजूत सुटत नाही. महिन्यापूर्वी ज्याला एक गोष्ट अडली आणि आता सुटली आहे, त्याला ती नेमकी कुठे अडते हे पंडितापेक्षा चांगलं आठवत असतं.

जगभरच्या संगणक परिषदांत 'लाइटनिंग टॉक' म्हणून एक प्रकार असतो. पाच मिनिटं मिळतात, वेळ संपली की थांबायचं. भारतातल्या पायथॉन वापरणाऱ्यांची 'पायकॉन इंडिया' ही परिषद २००९ साली बंगळुरात सुरू झाली. तिथेही हा प्रकार असतो आणि अनेकांनी आयुष्यातलं पहिलं जाहीर बोलणं तिथेच केलेलं असतं. पाच मिनिटांत फजिती झाली तरी ती पाच मिनिटांचीच!

आणि फजितीला घाबरायचं कारण काय? होमब्रूच्याच एका सुरुवातीच्या सभेची गोष्ट आहे. स्टीव्ह डॉम्पियर नावाचा सभासद आपला अल्टेअर आणि एक छोटा रेडिओ घेऊन आला. यंत्राला पडदा नाही, ध्वनिक्षेपक नाही. समोरची बटणं एकेक करून दाबत त्यानं प्रोग्रॅम भरला. तेवढ्यात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून बटणं दाबायला घेतली. अखेर यंत्र सुरू झालं, आणि शेजारच्या रेडिओतून बीटल्सचं एक गाणं ऐकू येऊ लागलं. संगणकाच्या विद्युत-हालचालींमुळे रेडिओत जी खरखर होते, तिचाच त्यानं सूर लावला होता! सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. ज्या यंत्राचं करायचं काय हा प्रश्न होता, त्यातून निदान काहीतरी निघू शकतं, हे त्या सगळ्यांनी तेव्हा कानांनी ऐकलं.

द्यावं किती, सांगावं किती?

देवघेव म्हटली की हा प्रश्न येणारच, आणि होमब्रूमध्येच तो चांगला पेटला होता. अल्टेअरसाठी बेसिक ही भाषा बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनी तयार केली होती आणि ती पैसे घेऊन विकली जात होती. तिची छिद्रं पाडलेली कागदी फीत क्लबातल्या कोणाच्या तरी हाती लागली. डॅन सोकोल या सभासदानं तिच्या प्रती काढल्या आणि त्या वाटल्या गेल्या. एक घेऊन जा, पुढच्या वेळी दोन करून आणा, असा हिशोब. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना उद्देशून खरमरीत अनावृत पत्र लिहिलं. बहुतेक जण आमचं सॉफ्टवेअर चोरता, मिळालेल्या मानधनाचा हिशोब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, असा त्याचा सूर होता. क्लबात काहींना तो आगाऊपणा वाटला. पण त्याचं म्हणणं चूक होतं असं आज कोण म्हणेल?

वॉझ्निअ‍ॅक स्वतःचा आराखडा वाटत होता. सोकोल दुसऱ्याची मेहनत वाटत होता. दोघांचा हेतू एकच असला तरी या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. आजच्या सभासदासाठी ही रेघ अधिकच महत्त्वाची आहे. नोकरी करणाऱ्यानं कंपनीचा कोड, ग्राहकांची नावं, न झालेल्या सौद्यांच्या गोष्टी सभेत बोलू नयेत. उत्साहाच्या भरात निसटलेलं एक वाक्य नोकरीवर बेतू शकतं. शंका असेल तर आधी वरिष्ठांना विचारावं. "आम्हाला ही अडचण आली आणि ती अशी सोडवली," एवढं सांगायला बहुतेक कंपन्यांची ना नसते. उलट आपली माणसं बाहेर चांगलं बोलतात, हे त्यांना हवंच असतं. चांगले उमेदवार तिथूनच मिळतात.

उमेदवारांचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की नोकरीच्या शोधातली मंडळी पहिल्याच सभेत बायोडेटा वाटू लागतात तेव्हा लोक चार पावलं मागे सरतात. तीच व्यक्ती चार महिने नियमित आली, एकदा छोटंसं प्रात्यक्षिक दिलं, नोंदी काढून सगळ्यांना पाठवल्या, तर जागा निघाल्यावर तिचं नाव आपोआप पुढे येतं. वस्तू विकायला आलेल्यांचंही तसंच. सभा फुकट, चहा कंपनीचा आणि तासभर त्याच कंपनीच्या मालाची जाहिरात, असं तीनदा झालं की मंडळाचा जीव संपतो. विक्रेत्याला बोलवावं, पण प्रश्न विचारायचा पहिला हक्क सभासदांचा ठेवावा.

रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्या

एक गोष्ट मात्र सभासदाच्या हिमतीवर सोपवून भागत नाही. अनेक मंडळांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. त्यांना रस नाही, असं सांगून पुरुष मंडळी मोकळी होतात. सभेची वेळ संध्याकाळी साडेसहाची, जागा शहराबाहेरच्या आयटी पार्कमध्ये, संपायला नऊ. घरी मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, रात्रीचा परतीचा प्रवास. अशा वेळी रस असून काय उपयोग? आणि आलीच एखादी, तर तीस पुरुषांत एकटीनं हात वर करायचा. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये २०११ साली पायथॉन वापरणाऱ्या स्त्रियांचा 'पायलेडीज' हा गट याच कारणानं सुरू झाला आणि भारतातल्या शहरांतही त्याच्या शाखा निघाल्या. पण वेगळा गट होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. सभा शनिवारी सकाळी दहाला ठेवली, जागा स्टेशनजवळची निवडली, तर फरक पडतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात सभा घरबसल्या संगणकावर भरू लागल्या, तेव्हा एरवी न येऊ शकणाऱ्या अनेकींना त्या प्रथमच उपस्थित राहता येण्याजोग्या वाटल्या. आता प्रत्यक्ष सभा पुन्हा भरतात, पण पडद्यावरची ही सोय पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. घरून 'आज मुलांचं मी बघतो, तू जाऊन ये' असं म्हणणारा कोणी असेल, तर आणखी चांगलं.

आणि गावात मंडळच नसेल तर?

जळगाव, सोलापूर किंवा बेळगावात राहणाऱ्याला हे सगळं वाचून वाटेल, हे मोठ्या शहरांचे चोचले. पण मंडळ सुरू करायला फार काही लागत नाही. कॉलेजच्या एखाद्या प्राध्यापकाला विचारलं तर सुट्टीच्या दिवशी वर्ग मिळतो. चहाची वर्गणी माणशी वीस-तीस रुपये. विषय नेमका हवा. 'संगणक' असं मोघम नाव दिलं तर कोणीच येत नाही, 'दुकानदारांसाठी जीएसटीची विवरणपत्रं आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर' म्हटलं की येतात.

कधी निमित्तही आपोआप मिळतं. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड हिमवादळ झालं. तिथल्या हौशी संगणक मंडळाचे दोन सभासद, वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस, घरात अडकून पडले. सभासदांना निरोप ठेवता येतील आणि वाचता येतील असं काहीतरी फोनच्या तारेवर चालवावं, अशी कल्पना त्यांनी त्या काळात पक्की केली. फेब्रुवारीत ते सुरूही झालं. फोनवरून जोडता येणारा, संगणकावरचा जगातला पहिला जाहीर सूचनाफलक, तो हा.

पहिल्या सभेला सहा जण आले तरी हरकत नाही. सहा जणांत कोणाला मागच्या रांगेत लपता येत नाही. भाषणाची गरजही नाही. गोल बसून प्रत्येकानं आपली एक अडचण आणि आपल्याला येणारी एक गोष्ट सांगावी. एकानं ते वहीत लिहून घ्यावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे काय येतं, काय हवं याची यादी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवावी. आणि मंडळी चपला घालायच्या आत पुढच्या सभेची तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव ठरवून टाकावं. "नंतर कळवू" म्हटलं की ती सभा होत नाही.